वायूचा दाब, आकारमान आणि तापमान : सूत्रात आकडे घालण्याआधी

गाडीच्या टायरमध्ये सकाळी ३२ पीएसआय हवा भरली. तेव्हा तापमान होतं २० अंश सेल्सिअस. तासभर पळून टायरमधली हवा ५० अंशांवर गेली. आता गेज किती दाखवेल?

"आकारमान तेच असेल तर दाब तापमानाच्या समप्रमाणात" हे पाठ असलेला विद्यार्थी ३२ ला ५० ने गुणतो, २० ने भागतो आणि ८० लिहून मोकळा होतो. असं खरंच होत असतं, तर भर दुपारी रस्त्यावर एकही टायर शाबूत राहिला नसता. खरं उत्तर ३७ च्या जरासं खाली आहे. नियम बरोबर, गुणाकार-भागाकार बरोबर, तरी उत्तर दुपटीहून जास्त चुकलं.

वायूंच्या गणितात चूक होते ती बहुतेक वेळा सूत्र लिहिण्याच्या आधी. सूत्र तसं सोपं आहे, पाचवी-सहावीच्या त्रैराशिकाएवढं. म्हणून या लेखात सूत्राला जागा कमी आणि त्याच्या आधीच्या कामाला जास्त दिली आहे. घरी किंवा शाळेच्या प्रयोगशाळेत करता येतील असे दोन प्रयोगही आहेत. शेवटी हे नियम कुठे लावायचे नाहीत तेही पाहू, कारण खऱ्या आयुष्यातली धोक्याची प्रकरणं नेमकी तिथे असतात.

दाब येतो कुठून

बंद डब्यातली हवा शांत वाटते. पण तिच्यातले नायट्रोजनचे रेणू नेहमीच्या तापमानाला सेकंदाला सुमारे ५०० मीटर वेगाने सैरावैरा धावत असतात आणि भिंतींवर आदळतात. या असंख्य टकरींचा मिळून होणारा रेटा म्हणजे दाब.

डब्याचं आकारमान निम्मं केलं तर रेणू तेवढेच राहतात, पण जागा निम्मी होते. भिंतीच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर होणाऱ्या टकरी दुप्पट होतात, म्हणून दाबही दुप्पट. बॉइलचा नियम तो हाच.

तापमानाची गोष्ट जरा जास्त मजेदार आहे. समजा, रेणूंचा वेग दुप्पट झाला. आता प्रत्येक टक्कर दुप्पट जोराची होते, शिवाय तेवढ्याच वेळात टकरीही दुप्पट होतात. म्हणजे दाब चौपट. वायूचं तापमानही रेणूंच्या वेगाच्या वर्गाबरोबर वाढतं, म्हणजे तेही चौपट. म्हणून दाब आणि तापमान बरोबरीने चालतात. मात्र हे तापमान रेणूंच्या धावपळीपासून मोजलेलं हवं. सेल्सिअसचा शून्य म्हणजे पाणी गोठण्याची खूण, आणि हवेतल्या नायट्रोजनला पाणी कधी गोठतं याचं काहीच सोयरसुतक नाही.

पहिली पायरी : काय कोंडलंय आणि काय मोकळं आहे?

वायूची अवस्था चार गोष्टींनी ठरते : दाब, आकारमान, तापमान आणि वायू किती आहे ते. गणित वाचल्याबरोबर पेन खाली ठेवायचं आणि या चारांपैकी कोण जखडलेलं आहे ते आधी ठरवायचं.

पोलादी सिलिंडर किंवा झाकण घट्ट लावलेली काचेची बरणी घेतली तर आकारमान जखडलेलं असतं. टायर किंचित फुगतो, पण हिशेबापुरता तोही याच गटात. अशा वेळी दाब आणि तापमान यांची जोडी उरते. सहज सरकणारा दट्ट्या असेल, तर आतला दाब बाहेरच्या दाबाशी आपोआप जुळतो, म्हणजे दाब जखडलेला, आणि आकारमान व तापमान यांची जोडी उरते. वायू सावकाश दाबला आणि भांडं उष्णता बाहेर जाऊ देणारं असेल तर तापमान स्थिर राहतं, बॉइलचा नियम लागतो. "सावकाश" हा शब्द इथे शोभेचा नाही. त्याच्याकडे नंतर परत येऊ.

चौथी गोष्ट सगळ्यात जास्त विसरली जाते : वायू तेवढाच आहे का? खोली तापवली तर आतल्या हवेचा दाब वाढेल का, असं विचारलं की निम्मे लोक "हो" म्हणतात. खोलीला फटी असतात. दाब बाहेरएवढाच राहतो, आकारमान भिंतींनी ठरवलेलं असतं, आणि जास्तीची हवा मुकाट्याने बाहेर निघून जाते. किती जाते, तेही पुढे काढू.

दुसरी पायरी : शून्य खरा करून घ्या

तापमान केल्विनमध्ये हवं. सेल्सिअसच्या आकड्यात २७३ मिळवायचे (काटेकोरपणे २७३.१५). हा शून्य कुणी मनाने ठरवलेला नाही. गियोम अमोंताँ यांनी १७०२ च्या सुमारास कोंडलेल्या हवेचा दाब तापमानाबरोबर कसा बदलतो ते मोजलं. जॅक चार्ल्स यांनी १७८७ मध्ये वेगवेगळे वायू तापवून त्यांचं प्रसरण पाहिलं, पण छापलं नाही. गे-लुसॅक यांनी १८०२ मध्ये स्वतःची मोजमापं प्रसिद्ध करताना चार्ल्स यांचा उल्लेख केला, म्हणून नियमाला आज चार्ल्सचं नाव आहे. या सगळ्या मोजमापांच्या सरळ रेषा थंडीच्या बाजूला वाढवत नेल्या की उणे २७३ अंशांजवळ शून्याला टेकतात. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी १८४८ मध्ये निरपेक्ष तापमापनाची कल्पना मांडली.

दाबाचंही तसंच. टायरचा गेज, पंपावरचा गेज, सिलिंडरवरचा गेज बाहेरच्या हवेपेक्षा आत किती जास्त दाब आहे एवढंच सांगतो. पंक्चर टायरचा गेज शून्य दाखवतो, पण त्यात निर्वात पोकळी नसते, बाहेरच्या दाबाएवढीच हवा असते. म्हणून गेजच्या आकड्यात वातावरणाचा दाब मिळवायचा. समुद्रसपाटीला तो १०१.३ किलोपास्कल, म्हणजेच १.०१३ बार, १४.७ पीएसआय किंवा ७६० मिलिमीटर पारा.

आता टायर पुन्हा घेऊ. सुरुवातीचा खरा दाब ३२ + १४.७ = ४६.७ पीएसआय. तापमानं २९३ आणि ३२३ केल्विन. नवा दाब ४६.७ × ३२३ ÷ २९३ = ५१.५. गेज दाखवेल ५१.५ − १४.७ = ३६.८. सेल्सिअसची चूक सुधारली आणि गेजची तशीच राहू दिली, तर ३५.३ येतं. ते दिसायला इतकं शहाण्यासारखं असतं की कुणाला शंकाही येत नाही. ८० चं उत्तर निदान ओरडून तरी सांगतं की मी चुकलोय.

तोंडी हिशेबासाठी : अशा टायरमध्ये दर ६ अंशांना साधारण १ पीएसआय वाढतो किंवा घटतो. थंडीच्या पहिल्या आठवड्यात टायर नरम वाटतो तो दर वेळी पंक्चर नसतो.

"मग सेल्सिअस आणि गेज कधीच चालत नाहीत का?" चालतात. कसोटी साधी आहे. हिशेबात फक्त वजाबाकी असेल तर चालतात, गुणोत्तर असेल तर नाही. ५० वजा २० म्हणजे ३०, केल्विनमध्येही ३०. पण ५० भागिले २० म्हणजे अडीच, आणि केल्विनमध्ये तेच गुणोत्तर १.१. पाणबुड्याचं उदाहरण घ्या. १२ लिटरचा सिलिंडर, गेजवर २०० बार. ५० बार राखीव ठेवून वापरायला मिळतात १५० बार, म्हणजे पृष्ठभागावरच्या दाबाला १५० × १२ = १८०० लिटर हवा. इथे आपण दोन दाबांतला फरक घेतला, वातावरणाचा दाब दोन्हीकडून उडाला, गेजचा आकडा चालला. पण २० मीटर खोलीवर ही हवा किती वेळ पुरेल, हे विचारलं की गुणोत्तर येतं. दर १० मीटर समुद्राच्या पाण्याला साधारण १ बार धरला तर तिथे एकूण दाब ३ बार, पाण्याचे २ आणि वरच्या हवेचा १. वर मिनिटाला २० लिटर लागणाऱ्याला तिथे ६० लिटर लागतात. वेळ ३० मिनिटं. वातावरणाचा १ बार विसरलात तर ४५ मिनिटं येतील, आणि ती पंधरा मिनिटं कागदावरच असतील. (हा हिशेब नियम समजण्यापुरता आहे, त्याच्या भरवशावर पाण्यात उतरू नका.)

तिसरी पायरी : उत्तर कुठल्या बाजूला जायला हवं?

वायू तेवढाच असेल तर सगळे नियम एका वाक्यात मावतात : दाब × आकारमान ÷ तापमान ही किंमत आधी आणि नंतर सारखीच. जे जखडलेलं असेल ते दोन्ही बाजूंनी खोडायचं, की बॉइल (तापमान जखडलेलं), चार्ल्स (दाब जखडलेला), गे-लुसॅक (आकारमान जखडलेलं) एकेक करून बाहेर पडतात. तीन सूत्रं वेगळी पाठ करायची गरज नाही.

मी तर हे समीकरणही मांडत नाही. जुनी किंमत घेतो आणि तिला दोन अपूर्णांकांनी गुणतो. प्रत्येक अपूर्णांकासाठी स्वतःला विचारायचं : या बदलाने उत्तर वाढेल की कमी होईल? वाढणार असेल तर मोठा आकडा वर, कमी होणार असेल तर खाली.

हवामानाचा फुगा जमिनीवर २ घनमीटर, दाब १०० किलोपास्कल, तापमान २७ अंश. सुमारे १६ किलोमीटर उंचीवर दाब १० किलोपास्कलच्या आसपास आणि तापमान उणे ५७ अंश. बाहेरचा दाब कमी झाला म्हणजे फुगा फुगणार : २ × (१०० ÷ १०). थंडी वाढली म्हणजे आक्रसणार : × (२१६ ÷ ३००). उत्तर १४.४ घनमीटर. फुग्याच्या रबराचा ताण आपण सोडून दिला आहे, तो धरला तर आकडा थोडा कमी येईल. असे फुगे सोडताना ढिले का दिसतात, ते या आकड्यावरून कळतं.

प्रयोग पहिला : सिरिंज आणि वजनं

बॉइल यांनी १६६२ मध्ये हा नियम मांडला तो इंग्रजी जे अक्षराच्या आकाराच्या काचनळीत पारा ओतून. आखूड बाजू बंद, लांब बाजू उघडी. दोन्ही बाजूंच्या पाऱ्याच्या पातळीतला फरक वायुभारमापकातल्या पाऱ्याच्या उंचीएवढा झाला, तेव्हा कोंडलेली हवा बरोबर निम्मी झाली होती. पारा विषारी आहे, आपण तो वापरायचा नाही. २० मिलिलिटरची प्लॅस्टिकची सिरिंज पुरते, सुईशिवाय.

दट्ट्या २० वर ठेवा आणि सिरिंजचं तोंड घट्ट बंद करा. सिरिंज उभी पकडीत बसवा. दट्ट्याच्या डोक्यावर सपाट पट्टी ठेवून वजनं चढवायची. दट्ट्याचा व्यास मोजा. तो २ सेंटिमीटर असेल तर क्षेत्रफळ ३.१४ चौरस सेंटिमीटर, आणि प्रत्येक किलोमागे दाब वाढतो सुमारे ३१.२ किलोपास्कल.

समुद्रसपाटीला साधारण असे आकडे यायला हवेत. वजन नसताना दाब १०१.३ किलोपास्कल, आकारमान २० मिलिलिटर. १ किलोला १३२.५ आणि १५.३. २ किलोला १६३.७ आणि १२.४. ३ किलोला १९४.९ आणि १०.४. प्रत्येक जोडीचा गुणाकार करून पाहा, तो २०२६ ते २०३० च्या आत राहतो.

तुमचे आकडे इतके गोंडस येणार नाहीत. सगळ्यात मोठा चोर म्हणजे रबराचं घर्षण. त्यावर उपाय असा : प्रत्येक वजनाला दट्ट्या हाताने थोडा खाली दाबून सोडा आणि वाचन घ्या, मग थोडा वर ओढून सोडा आणि पुन्हा वाचन घ्या. दोन्हींची सरासरी धरा. वजन बदलल्यावर अर्धा मिनिट थांबा, दाबताना तापलेली हवा तेवढ्यात निवते.

वजन वाढेल तसा गुणाकार हळूहळू कमी होत गेला तर दोन शक्यता असतात. एक, सिरिंजच्या तोंडातली आणि जोडलेल्या नळीतली हवा मोजपट्टीवर दिसत नाही, पण ती हिशेबात आहे. दोन, हवा गळते आहे. वजनं उतरवून दट्ट्या थोडा हलवा. तो २० वर परत आला तर पहिलं कारण, नाही आला तर दुसरं.

आणि गुणाकार भराभर वाढत गेला तर? म्हणजे ०, ४७७, ७७४, ९७३ असा? मग तुम्ही फक्त वजनांचा दाब घेतला आणि डोक्यावरचं वातावरण विसरलात. दुसरी पायरी न करता पुढे गेलात की सिरिंज अशी चुगली करते.

उंचावरच्या गावात राहणाऱ्यांसाठी एक सूचना. हवामानाच्या बातमीत सांगतात तो दाब समुद्रसपाटीला आणून दिलेला असतो. तो घेऊ नका. तुमच्या जागेवरचा प्रत्यक्ष दाब हवा. काही मोबाइल फोनमध्ये वायुदाबमापक असतो, त्याचं वाचन चालतं.

याच नियमाची एक बाजू जिवाशी येते. १० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट. तिथे सिलिंडरमधून छाती भरून श्वास घेतला आणि तो रोखून वर आलं, तर तीच हवा दुप्पट जागा मागते. फुप्फुसं तेवढी ताणत नाहीत, फाटतात. म्हणून सिलिंडर लावून पोहणाऱ्याला पहिल्याच दिवशी शिकवतात : श्वास कधीही रोखायचा नाही.

प्रयोग दुसरा : निरपेक्ष शून्याचा शोध, गरम पाण्यात

या प्रयोगात पाण्याच्या दोन पातेल्यांतून उणे २७३ गाठता येतं. आणि तो बिघडतो तेही शिकण्यासारखं आहे.

उष्णता सोसणाऱ्या काचेचं ५०० मिलिलिटरचं शंकुपात्र घ्या. ते आतून पूर्ण कोरडं हवं. त्याला भोकाचं रबरी बूच, भोकात छोटी काचनळी, नळीला रबरी नळी आणि ती बंद करायला चिमटा. चिमटा उघडा ठेवून पात्र गळ्यापर्यंत ८० अंशांच्या पाण्यात दहा मिनिटं धरा. हवा प्रसरण पावते, जास्तीची नळीतून निघून जाते. आता चिमटा लावा, पात्र बाहेर काढा, उलटं करून २५ अंशांच्या पाण्यात बुडवा आणि चिमटा पाण्याखाली उघडा. पाणी आत शिरेल. दहा मिनिटं थांबा.

पुढची कृती बरेच जण गाळतात. पात्र वर-खाली करून आतल्या आणि बाहेरच्या पाण्याची पातळी एका रेषेत आणा आणि मगच चिमटा लावा. पातळ्या जुळल्या नाहीत तर आतला दाब वातावरणाएवढा नसतो, आणि आपण तर दाब जखडलेला आहे असं धरून चाललोय. मग आत आलेलं पाणी मोजपात्रात ओतून मोजा. पात्राचं खरं आकारमान बुचापर्यंत पाणी भरून आधीच मोजून ठेवा, छापील ५०० वर विसंबू नका. समजा ते ५०० च भरलं.

चार्ल्सच्या नियमाने ५०० मिलिलिटर हवा ३५३ केल्विनवरून २९८ वर आली की ४२२ व्हायला हवी, म्हणजे ७८ मिलिलिटर पाणी आत. ५५ अंशांत ७८ मिलिलिटर, म्हणजे अंशाला १.४२. याच गतीने ४२२ मिलिलिटर संपायला २९८ अंश लागतील. २५ मधून २९८ गेले, उणे २७३.

प्रत्यक्षात मात्र पाणी ७८ ऐवजी ६४ च्या आसपास भरतं, आणि त्या आकड्यांवरून शून्य येतो उणे ३५०! निरपेक्ष शून्याच्याही खाली. वहीत खाडाखोड करून ७८ लिहिण्याचा मोह इथे होतो. तो आवरा, कारण चूक मोजण्यात नाही. आत पाणी आलं, त्याची वाफ झाली. २५ अंशांना पाण्याच्या संपृक्त बाष्पाचा, म्हणजे आणखी मावणार नाही इतक्या वाफेचा, दाब ३.२ किलोपास्कल असतो. आतल्या १०१.३ पैकी तेवढा वाटा वाफेचा, हवेच्या वाट्याला ९८.१. वाफेने आपली जागा घेतली, म्हणून वायू ४२२ ऐवजी ४३६ भरला. सुधारणा सोपी आहे : ४३६ × ९८.१ ÷ १०१.३ = ४२२. शून्य पुन्हा उणे २७३ ला येतो.

सुरुवातीला पात्र कोरडं हवं, हा आग्रह याच कारणासाठी. ८० अंशांना ओल्या पात्रातल्या बाष्पाचा दाब सुमारे ४७ किलोपास्कल, जवळपास अर्धं वातावरण. मग तुम्ही हवा तापवत नसता, निम्मी वाफ कोंडत असता.

वायू किती आहे, हे विचारलं तर

आत्तापर्यंत "आधी" आणि "नंतर" यांची तुलना केली. एकाच अवस्थेतला वायू किती, हे काढायचं असेल तर पी × व्ही = एन × आर × टी. पी म्हणजे दाब, व्ही आकारमान, टी केल्विनमधलं तापमान, एन म्हणजे वायू किती मोल आहे ते (मोल हे रेणूंची संख्या मोजायचं एकक), आणि आर हा ठरलेला स्थिरांक. क्लॅपेरॉन यांनी १८३४ मध्ये नियम एकत्र बांधले, आणि समान दाब-तापमानाला समान आकारमानात समान रेणू हा अ‍ॅव्होगॅड्रो यांचा १८११ चा विचार त्याच्या मुळाशी आहे. वायू कुठलाही असो, सूत्र तेच, ही मला अजूनही नवलाची गोष्ट वाटते.

आर च्या किमतीवरून घोळ होतो. दाब पास्कलमध्ये आणि आकारमान घनमीटरमध्ये असेल तर ८.३१४. दाब किलोपास्कल आणि आकारमान लिटर असेल तरीही ८.३१४, हजाराने भागलं आणि हजाराने गुणलं म्हणून. वातावरण आणि लिटर असेल तर ०.०८२१. मी किलोपास्कल-लिटरची जोडी धरतो आणि बाकी विसरतो.

४ मीटर लांब, ३ रुंद, ३ उंच खोली, तापमान २७ अंश. ३६ घनमीटर म्हणजे ३६,००० लिटर. एन = १०१.३ × ३६००० ÷ (८.३१४ × ३००) = सुमारे १४६२ मोल. हवेचा मोल २९ ग्रॅमचा, म्हणून खोलीतल्या हवेचं वजन सुमारे ४२ किलो. बहुतेकांचा अंदाज एखाद-दोन किलोच्या पुढे जात नाही. हीच खोली ७ अंशांना असताना आत ४५ किलो हवा होती. हीटर लावल्यावर ३ किलो हवा फटींतून निघून गेली, आणि दाब होता तिथेच राहिला.

"एक मोल म्हणजे २२.४ लिटर" हे डोळे झाकून वापरू नका. ते ० अंश आणि १ वातावरण दाबाला. दाब नेमका १ बार धरला तर २२.७, आणि २५ अंश व १ वातावरणाला २४.५. गणितात तापमान दिलं असेल तर सरळ सूत्र वापरा.

हे नियम कुठे थांबतात

सायकलचा पंप भराभर मारला की तळ तापतो. इथे आकारमान बदलतं, दाब बदलतो आणि तापमानही. काहीच जखडलेलं नाही. दाब × आकारमान ÷ तापमान स्थिर हे अजूनही खरं आहे, पण एक समीकरण आणि अज्ञात दोन. आणखी एक नियम लागतो : उष्णता बाहेर जायला वेळच मिळाला नाही, तर हवेसाठी तापमान आकारमानाच्या गुणोत्तराच्या ०.४ घाताने वाढतं. डिझेल इंजिनात हवा मूळ जागेच्या साधारण अठराव्या हिश्श्यात दाबली जाते, म्हणजे गुणोत्तर १८ च्या आसपास. ३०० केल्विनची हवा हिशेबाने सुमारे ९५० केल्विनला जाते, म्हणजे जवळपास ६८० अंश सेल्सिअस, आणि दाब १८ पट न होता ५७ पट होतो. भिंतींना जाणाऱ्या उष्णतेमुळे प्रत्यक्षात आकडे कमी असतात, तरी फवारलेलं डिझेल ठिणगीविना पेटायला ते पुरतात.

खूप जास्त दाबाला आणि थंडीत रेणूंचा स्वतःचा आकार आणि आपसातलं आकर्षण जाणवू लागतं. व्हॅन डर वाल्स यांनी १८७३ मध्ये त्यासाठी सूत्रात दोन दुरुस्त्या केल्या. रोजच्या दाबाला त्यांची गरज पडत नाही.

गरज पडते ती भांड्यात द्रव असेल तेव्हाच्या सावधगिरीची. ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेच्या बंद भांड्यात, उपकरणं निर्जंतुक करताना गेजवर १५ पीएसआय आले की आत १२१ अंश आहेत असं मानतात. हे वायूच्या नियमाने येत नाही. नुसती कोंडलेली हवा २५ वरून १२१ अंशांना नेली तर तिचा दाब १.३ पट होईल, गेजवरचे १५ सांगतात तसा वातावरणाच्या दुप्पट नाही. तो आकडा पाण्याच्या संपृक्त वाफेचा आहे. म्हणून आधी आतली हवा पूर्ण बाहेर काढावी लागते. ती राहिली तर गेज तेच १५ दाखवेल, पण त्यात हवेचाही वाटा असेल आणि तापमान १२१ च्या बरंच खाली राहील. उपकरणं निर्जंतुक झाली असं वाटेल, पण ती झालेली नसतील.

आता टायरची तीच तापमानं, २० आणि ५० अंश, प्रोपेनच्या सिलिंडरला लावा. टायरमधला खरा दाब १० टक्क्यांनी वाढला होता. प्रोपेन आत द्रवरूपात असतो, वर त्याची वाफ. २० अंशांना या वाफेचा दाब सुमारे ८.४ बार आणि ५० अंशांना सुमारे १७ बार, म्हणजे दुप्पट. कारण तापल्यावर आहे तेवढीच वाफ जोरात धावत नाही, द्रवातून नवी वाफ निघून तिच्यात भर पडते. फवाऱ्याच्या डब्यांमध्येही बहुधा असाच द्रव असतो, म्हणून त्यांच्यावर ५० अंशांपेक्षा जास्त तापवू नका असा इशारा छापतात. आणि उलट बाजूने, अशा सिलिंडरमधला द्रव निम्मा संपला तरी तापमान तेच असेल तर गेजचा काटा जागचा हलत नाही. शेवटचा थेंब संपेपर्यंत तो तेवढाच दाब दाखवतो. आत किती उरलंय हे पाहायचं असेल, तर सिलिंडर वजनकाट्यावर ठेवा आणि रिकाम्या सिलिंडरचं छापलेलं वजन त्यातून वजा करा.